वाचकांचे प्रश्न : छोट्या यंत्रभागांसाठी पाणी घेणारे पोलाद कोणते?

घरच्या किंवा गल्लीतल्या छोट्या कार्यशाळेत सुटे भाग बनवणाऱ्या वाचकांनी पोलादाच्या निवडीबद्दल पाठवलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची मुळे बरीचशी त्यातच आहेत. पाणी देणे, म्हणजेच हार्डनिंग, याचा अर्थ पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात थंड करून कठीण करणे.

प्रश्न (लालबाग येथील वाचक) : मी गिरणीत फिटर होतो. निवृत्तीनंतर घराजवळच्या गाळ्यात छोटा लेथ ठेवला असून त्यावर काम ठरावीक अंशांत फिरवण्यासाठी एक इंडेक्सिंग जोडणी बनवत आहे. तिच्यात साधारण ६० मिमी व्यासाचे आणि ६ मिमी जाडीचे रॅचेट (एकाच दिशेने फिरणारे, दात्यांचे) चाक, त्याला अडवणारा पॉल (खटका), पॉलची ८ मिमीची पिन आणि एक छोटा कॅम आहे. पॉल आणि कॅम मी एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पट्टीतून कापले, लालभडक करून पाण्यात बुडवले, तरी त्यांच्यावर कानस सहज चालते आणि पॉलचे टोक थोड्याच वापरात गोल झाले. दुकानदार ईएन ८ ग्रेडचे पोलाद घ्या म्हणतो, ओळखीचे टर्नर ईएन ३१ सांगतात आणि एका डायमेकरने ओएचएनएस (तेलात कठीण होणारे टूल स्टील) सुचवले. माझ्याकडे गॅसचा बर्नर आणि विटा रचून केलेली छोटी भट्टी आहे. तापमान मोजण्याचे साधन नाही. मी कोणते पोलाद घ्यावे?

उत्तर : आपण पाणी देण्यात काही चुकला नाहीत. एमएसमध्ये कार्बनचे प्रमाण साधारण ०.१५ ते ०.२५ टक्के असते आणि एवढ्या कार्बनवर उपयोगी पडेल असा कठीणपणा येत नाही, मग ते कितीही लाल करा आणि कितीही थंड पाण्यात बुडवा. पाणी दिल्याचा परिणाम नीट जाणवायला कार्बन निदान ०.३५ टक्क्यांच्या पुढे हवा, आणि कानस घसरून जावी इतके कठीण टोक हवे असेल तर तो ०.६ टक्क्यांच्या वर असणे आवश्यक आहे.

पोलाद निवडताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की दुकानदार, टर्नर आणि डायमेकर या तिघांच्या तीन सल्ल्यांचा गोंधळ बराचसा मिटतो. पृष्ठभाग जास्तीत जास्त किती कठीण होऊ शकतो हे कार्बन ठरवतो. हा कठीणपणा किती खोलवर पोहोचेल आणि त्यासाठी भाग किती झपाट्याने थंड करावा लागेल हे मँगेनीज, क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम यांसारख्या मिश्रणांवर अवलंबून असते. नुसत्या कार्बनच्या पोलादाला पाण्याचा झटका द्यावा लागतो, आणि त्या झटक्यातच आतले कोपरे, भोके आणि पातळ कडा तडकतात किंवा भाग वाकडा होतो. मिश्रणे असलेले पोलाद तेलात सावकाश थंड झाले तरी कठीण होते. म्हणून त्याचा आकार कमी बिघडतो. घरी काम करणाऱ्याने पोलाद निवडताना आपण कोणते तापमान भरवशाने गाठू शकतो आणि भाग कशात थंड करणार आहोत हे आधी ठरवावे, आणि रॉकवेलचा आकडा (कठीणपणाचे माप) त्यानंतर पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर तिन्ही सल्ले तपासू. ईएन ८ मध्ये कार्बन ०.३५ ते ०.४५ टक्के असतो. ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, लेथवर छान कापले जाते आणि बारीक भाग पाण्यात थंड केले तर रॉकवेल सी ५० च्या थोडे पुढे जाते. लिव्हर, स्पिंडल, नट, हँडल यांसाठी ते उत्तम आहे, पण टोकावर सतत घासणाऱ्या पॉलसाठी अपुरे आहे. ईएन ३१ हे बॉल बेअरिंगचे पोलाद. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १ ते १.६ टक्के क्रोमियम असते, आणि नीट पाणी दिले तर ते रॉकवेल सी ६० च्या वर जाते. अडचण अशी की त्यातले क्रोमियमचे कार्बाइड विरघळण्यासाठी भाग ८२० ते ८५० अंशांवर काही काळ स्थिर ठेवावा लागतो, आणि डोळ्यांनी रंग पाहून बर्नर चालवणाऱ्याला हे सांभाळणे कठीण जाते. शिवाय बाजारात मिळणारा काळा (वरची साल न काढलेला) बार नीट अनील केलेला, म्हणजे तापवून सावकाश थंड करून मऊ केलेला, नसेल तर टूल लागत नाही आणि करवतीचे पान जाते.

आपल्या पॉलसाठी आणि कॅमसाठी डायमेकरचा सल्ला मला सर्वांत योग्य वाटतो. ओएचएनएसमध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन, १ टक्क्याच्या आसपास मँगेनीज आणि थोडे क्रोमियम, टंगस्टन व व्हॅनेडियम असते. त्याचे पाणी देण्याचे तापमान ७९० ते ८२० अंश आहे, म्हणजे घरच्या भट्टीच्या आवाक्यातले. ते तेलात थंड होते, मापे फारशी बदलत नाहीत, आणि २०० अंशांवर टेंपर केल्यावरही (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवल्यावरही) रॉकवेल सी ६० च्या जवळ राहते. डायसाठी प्रसिद्ध असलेले एचसीएचसीआर (जास्त कार्बन व जास्त क्रोमियमचे पोलाद) कोणी सुचवले तर घरी पाणी देण्यासाठी ते घेऊ नये. त्याला १००० अंशांच्या पुढचे, नियंत्रित तापमान लागते.

रॅचेट चाकाबद्दल मात्र माझा सल्ला वेगळा आहे. या चाकाच्या दात्यांच्या अचूकतेवरच सगळी जोडणी उभी आहे, आणि ६ मिमी जाडीची ६० मिमीची चकती पाणी देताना थोडी तरी वाकडी होतेच. म्हणून चाक ईएन २४ च्या, कारखान्यातूनच हार्डनिंग व टेंपरिंग होऊन आलेल्या बारमधून करावे. बाजारात त्याला ईएन २४ टी म्हणतात. त्याची ताणशक्ती साधारण ८५० ते १००० मेगापास्कल असते. ते लेथवर आणि मिलिंगवर थोडे जड जाते, पण कापता येते, आणि दाते पाडल्यावर त्याला पुन्हा भट्टी दाखवायची गरज नसते. कठीण पॉल आणि त्याहून मऊ पण चिवट चाक अशी जोडी ठेवली तर झीज चाकाच्या सगळ्या दात्यांवर वाटली जाते आणि पॉल मात्र टोकदार राहतो. हाताने चालणाऱ्या, हलक्या भाराच्या जोडणीत हे चाक अनेक वर्षे टिकेल.

पॉलची ८ मिमीची पिन बनवूच नका. नागदेवीच्या दुकानांत कठीण केलेल्या आणि ग्राइंड केलेल्या डॉवेल पिना सुट्या मिळतात. त्यांचा कठीणपणा रॉकवेल सी ६० च्या आसपास असतो आणि मापही आपल्या लेथवर येईल त्यापेक्षा अचूक असते. एवढे लक्षात ठेवा की त्या नाममात्र मापापेक्षा किंचित जाड, म्हणजे घट्ट बसण्यासाठी केलेल्या असतात. पिन बॉडीत दाबून बसवावी आणि पॉलचे भोक रीमरने तेवढे मोकळे करावे. पॉलला गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश घातल्यास आणखी चांगले.

आता खरेदीबद्दल. गुलालवाडी आणि किका स्ट्रीटच्या भागात मिश्र पोलादाचे तुकडे कापून देणारे व्यापारी आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले व्यवहार बहुतेक मोठ्या वजनाचे असतात. तुकडा घेताना बारच्या टोकाला लावलेला रंग कोणता आणि त्या दुकानात त्या रंगाचा अर्थ काय, हे विचारून लिहून घ्यावे, कारण हे रंग सगळीकडे सारखे नसतात. घरी कापताना नेहमी रंग नसलेल्या टोकाकडून कापावे, म्हणजे शेवटच्या उरलेल्या तुकड्यावरही ओळख राहते. प्रत्येक तुकड्यावर ठशाने ग्रेड मारून ठेवण्याची सवय तर अमूल्य आहे. दोन वर्षांनी कपाटात सापडलेला निनावी गोल तुकडा कोणत्याही महत्त्वाच्या कामाचा राहत नाही. काळ्या बारची वरची साल भट्टीत कार्बन गमावलेली असते, आणि ती ठेवून पाणी दिले तर आत कठीण व वर मऊ असा भाग हाती येतो. म्हणून हव्या मापापेक्षा ३ मिमी तरी जाड बार घ्यावा आणि ती साल सगळीकडून उतरवावी. पट्टी हवी असेल तर सर्व बाजूंनी ग्राइंड केलेली ओएचएनएसची पट्टी महाग पडली तरी घ्यावी.

खरा भाग कापण्याआधी त्याच बारचा ६ ते ८ मिमी जाडीचा एक तुकडा पाणी देऊन पाहावा. तो टेंपर न करता कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरावा, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि हातोडीने तोडावा. तुटलेला भाग राखाडी, बारीक आणि मखमली दिसला तर तापमान योग्य होते. खडीसाखरेसारखे चमकणारे मोठे दाणे दिसले तर आपण भाग जास्त तापवला आहे. तुकडा मोडण्याऐवजी वाकला आणि कानस चालली, तर पोलाद सांगितले तेच आहे का याची शंका घ्यावी. ही चाचणी कोणत्याही दाखल्यापेक्षा जास्त बोलते, आणि रंग ओळखण्याचा आपला हातही तिच्यावरच बसतो.

तापमानमापक नसताना ८०० अंश कसे ओळखायचे याचे दोन विश्वासाचे उपाय आहेत. पहिला लोहचुंबकाचा. तापत जाणारे पोलाद एका टप्प्यावर चुंबकाला चिकटायचे थांबते. अशा पोलादात हा टप्पा ७३० ते ७७० अंशांच्या दरम्यान येतो. तारेला टांगलेला चुंबक भागाला मधूनमधून लावून पाहावा, आणि तो चिकटेनासा झाल्यावर भाग आणखी एक छटा उजळ करावा. दुसरा उपाय मिठाचा. खाण्याचे साधे मीठ ८०१ अंशांवर वितळते, आणि हे तापमान ओएचएनएसच्या ७९० ते ८२० या पट्ट्यात अगदी नेमके बसते. भट्टीत भागाशेजारी त्याच जाडीचा एक तुकडा ठेवून त्यावर, ज्वाळा थेट लागणार नाही अशा बाजूला, मिठाचे दाणे ठेवावेत. ते पाझरून पसरले की तापमान आले. दोन्ही वेळा खोलीत अंधुक उजेड असावा, कारण दारातून ऊन येत असले की लाल रंग हमखास फसवतो आणि माणूस भाग जास्त तापवतो.

बर्नरच्या ज्वाळेत पृष्ठभागाचा कार्बन जळू नये म्हणून शुद्ध बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून भागावर ब्रशने लावावी. कॅरमच्या पटावर पडणारी पावडर शुद्ध बोरिक असेल तर तीही चालते. स्पिरिट भट्टीपासून दूर, मोकळ्या जागी हिरव्या ज्वाळेने जळून जाऊ द्यावे. मागे पांढरा थर उरतो आणि तापल्यावर तो काचेसारखा वितळून पोलादाला झाकतो. भाग बारीक बांधणीच्या तारेने गुंडाळून टांगला की सांडशीची पकड एका जागी थंडावा आणत नाही. ८ ते १० मिमी जाडीच्या भागाला तापमान सगळीकडे सारखे आल्यावर साधारण १० मिनिटे तसेच ठेवावे. मग तो झटकन तेलात उभा सोडावा आणि वरखाली हलवावा. आडवा हलवला तर एक बाजू आधी थंड होऊन भाग वाकतो. पॉलसारखा पातळ भाग कडेने आत जावा.

तेलाबाबत काटेकोर राहावे. हार्डनिंगसाठी मिळणारे तेल उत्तम. लहान भागांसाठी शेंगतेलही काम देते. गाड्यांतून काढलेले जळके इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केले तर ते पातळ होऊन भाग अधिक एकसारखा थंड करते. भांडे पत्र्याचे, खोल आणि झाकणाचे हवे, तेल निदान ५ लिटर हवे आणि जवळ वाळूची बादली हवी. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यात तळाशी पाणी साचते. तापलेला भाग तिथपर्यंत पोहोचला तर वाफ होऊन पेटते तेल बाहेर उसळते. म्हणून आपल्याकडच्या दमट हवेत दर वेळी तेल दुसऱ्या भांड्यात ओतून तळ तपासूनच काम सुरू करावे. चाळीच्या किंवा इमारतीच्या गॅलरीत हे काम कोणत्याही कारणाने करू नये. गाळ्यातही वर कपडे, वायर किंवा लाकडी माळा नसेल अशीच जागा निवडावी.

तेलातून काढलेला भाग काचेइतका ठिसूळ असतो आणि आतल्या ताणांमुळे टेबलावर पडल्या पडल्याही तडकू शकतो. हाताला सोसवेल इतका कोमट झाला की तो लगेच टेंपरिंगला घ्यावा. सकाळवर ढकलू नये. कॅमला नुसती घासणूक सोसायची आहे, म्हणून त्याला २०० अंशांवर दोन तास पुरतात. स्वयंपाकघरातल्या ओटीजीमध्ये वाळूने भरलेल्या ताटलीत भाग पुरून हे काम होते, कारण वाळूमुळे ओव्हनच्या तापमानाचे चढउतार भागापर्यंत पोहोचत नाहीत. बटणावरचा आकडा मात्र खरा मानू नये. ओव्हनचा स्वतंत्र तापमापक आत ठेवावा आणि भाग आधी तेलमुक्त करावा. पॉलला धक्के सोसायचे आहेत, त्यामुळे त्याचा कठीणपणा आणखी थोडा उतरवावा लागेल. त्याची एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून मागच्या, भोकाकडच्या बाजूने हळूहळू तापवावी. आधी फिकट पिवळा, मग गर्द पिवळा, मग तपकिरी आणि त्यानंतर जांभळा रंग पोलादावरून सरकत पुढे येतो. तपकिरी छटा साधारण २५५ अंशांची असते. ती टोकाला पोहोचली की पॉल लगेच थंड करावा. तोवर भोकाकडचा भाग निळा झालेला असतो, आणि तो चिवट असलेलाच बरा.

एक बाब आराखड्यातच सुधारून घ्या. पॉलच्या आतल्या कोपऱ्यांना १ मिमीची तरी गोलाई द्या आणि पिनचे भोक कडेपासून भोकाच्या व्यासाइतके तरी आत ठेवा. तडा जातो तो बहुतेक वेळा अशाच धारदार कोपऱ्यातून किंवा भोक आणि कड यांच्यामधल्या पातळ भिंतीतून.

प्रश्न (सायन येथील वाचक) : आम्ही चामड्याच्या पट्ट्यांना भोके पाडण्याचे पंच स्वतः बनवतो. कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या कानशी, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे आणि बेअरिंगच्या रिंगा आणतो. काही पंच वर्षभर टिकतात, तर काहींच्या कडा पहिल्याच दिवशी तुटतात. भंगारातले पोलाद ओळखावे कसे?

उत्तर : भंगारातून चांगले पोलाद मिळते, पण आपण जी तीन नावे दिली आहेत ती तीन वेगवेगळी पोलादे आहेत आणि त्यांना एकाच पद्धतीने पाणी देणे हेच कडा तुटण्याचे कारण दिसते. कानशीत मिश्रणे जवळपास नसतात आणि कार्बन १ टक्क्याच्या वर असतो. ती पाण्यात कठीण होते आणि नीट उतरवली (टेंपर केली) नाही तर काचेसारखी तुटते. ट्रकच्या पाट्यांमध्ये कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन व मँगेनीज असते. त्या तेलात थंड करायच्या असतात, आणि पाण्यात टाकल्यास तडकतात. बेअरिंगच्या रिंगा बहुधा ईएन ३१ च्या जातीच्या असतात, पण टेपर रोलर बेअरिंगच्या रिंगा पुष्कळदा फक्त वरून कठीण केलेल्या असतात आणि आत त्यांत कार्बन कमी असतो. अशा रिंगेतून कापलेला पंच घरी कठीण होणारच नाही.

ग्राइंडरवर ठिणगी पाहून ढोबळ ओळख पटते. एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फाटे फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढला की त्या आखूड होतात, चाकाजवळच फुटू लागतात आणि त्यांना दाट फाटे येतात. हायस्पीड स्टीलच्या (ड्रिल व कटिंग टूलच्या पोलादाच्या) ठिणग्या थोड्या, बारीक आणि तांबूस दिसतात. तो तुकडा मिळाल्यास त्याला भट्टीत न घालता तसाच, थंड ठेवत ग्राइंड करून वापरावा, कारण त्याला पाणी द्यायला १२०० अंशांच्या आसपास जावे लागते. माहीत असलेल्या ग्रेडचे चार तुकडे शेजारी ठेवून ठिणग्यांची तुलना केली तरच ही पद्धत उपयोगी पडते.

जुन्या कानशीचे दाते आधी पूर्ण घासून काढावेत, नाहीतर प्रत्येक दात्याच्या मुळाशी तडा सुरू व्हायला जागा मिळते. पाट्यांमध्ये ट्रकखाली वर्षानुवर्षे वाकून आलेले, डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. मधल्या, बोल्टच्या भोकाजवळच्या भागाऐवजी टोकाकडचा भाग घ्यावा. टेंपरिंगमध्ये पंचाची कड तपकिरीपासून जांभळ्याकडे झुकू द्यावी आणि हातोडी बसते तो माथा निळ्याच्याही पुढे नेऊन मऊच ठेवावा. कठीण माथ्यावर हातोडी मारली तर कपची उडून डोळ्यात जाते.

हे सगळे सांगितल्यावरही माझे मत असे आहे की रोजच्या उत्पादनासाठी आपण भंगार सोडावे. एका पंचाला ओएचएनएस किती ग्रॅम लागते याचा हिशेब केला तर तुटलेल्या पंचापायी वाया जाणाऱ्या मजुरीपुढे ती किंमत नगण्य ठरते, आणि एकच पोलाद वापरले की पाणी देण्याची एकच रीत बसवता येते.

प्रश्न (माटुंगा येथील पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी) : प्रकल्पासाठी १० मिमी व्यासाचा आणि ३०० मिमी अंतरावरच्या दोन बेअरिंगांवर टेकलेला शाफ्ट एमएसचा केला होता. भार दिल्यावर तो मधोमध वाकत होता, म्हणून ईएन २४ घेऊन हार्डनिंग करून आणले. तरीही तो तेवढाच वाकतो. हार्डनिंग चुकले असेल का?

उत्तर : हार्डनिंग बरोबर झाले असणार. भार असताना शाफ्ट किती वाकेल हे पोलादाच्या यंग गुणांकावर (ताठरपणाच्या मापावर) ठरते, आणि तो एमएस, ईएन २४ किंवा ईएन ३१ या सगळ्यांचा, मऊ असोत की कठीण, २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. हार्डनिंगमुळे भार काढल्यावर शाफ्ट सरळ होण्याची मर्यादा वाढते आणि पृष्ठभाग कमी झिजतो. वाकणे कमी होत नाही. ते कमी करायचे असेल तर माप बदलावे. वाकण्याचे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून १० ऐवजी १२ मिमी शाफ्ट घेतला तर ते जवळजवळ निम्मे होते. व्यास वाढवता येत नसेल तर बेअरिंगांमधले अंतर ३०० वरून २४० मिमीवर आणावे. अंतराचा तिसरा घात लागू होत असल्याने तेवढ्यानेही वाकणे जवळपास निम्मे होईल. तुमच्या प्रकल्पाला साधा ब्राइट (साल नसलेला, गुळगुळीत) बार पुरेसा आहे.

प्रश्न (ठाणे येथील वाचक भगिनी) : आमच्या छोट्या उद्योगात पॅकिंग यंत्रांची बदली गिअर बनवतो. दाते १.५ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप) आहेत. ओएचएनएसचे गिअर केले तर धक्क्याने दाते तुटतात, ईएन ८ चे केले तर झिजतात. बाहेरून हार्डनिंग करून आणलेल्या एका खेपेत दात्यांची टोकेच उडाली आणि भोके लहान झाली. काय करावे?

उत्तर : गिअरच्या दात्याला वरून कठीण आणि आतून चिवट पोलाद हवे असते, आणि ते पूर्ण कठीण होणाऱ्या पोलादात मिळत नाही. १६ एमएनसीआर ५ किंवा ईएन ३५३ यांसारखे, ०.२ टक्क्यांहून कमी कार्बनचे केस हार्डनिंगचे पोलाद घ्यावे. ते ९०० ते ९३० अंशांवर कार्बन असलेल्या वातावरणात ठेवले की कार्बन पृष्ठभागातून आत शिरतो आणि तेलात थंड केल्यावर तेवढाच थर रॉकवेल सी ५८ ते ६२ पर्यंत कठीण होतो. थराची खोली दात्याच्या मापाला साजेशी हवी, १.५ मॉड्यूलला ०.३ मिमीच्या आसपास पुरते. मोठ्या गिअरांच्या खेपेबरोबर आपली गिअर भट्टीत गेली आणि थर १ मिमीपर्यंत पोहोचला, तर दात्याचे टोक आरपार कठीण होऊन ठिसूळ होते. आपल्या गिअरांची टोके उडण्यामागे हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

हे काम वागळे इस्टेट, भांडुप किंवा अंबरनाथच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडून करून घ्यावे. सायनाइडचे क्षार वितळवून गल्लीत केस हार्डनिंग करून देणाऱ्यांकडे जाऊ नये आणि घरी तर त्याचा विचारही करू नये. ते जीवघेणे विष आहे आणि आम्लाशी संबंध आला की त्याचा विषारी वायू होतो. गिअरवर धक्के बेताचे असतील आणि मापे अजिबात बदलून चालणार नसतील, तर नायट्रायडिंगचीही (पृष्ठभागात नायट्रोजन शिरवून तो कठीण करण्याच्या रीतीचीही) चौकशी करावी. ते ५०० अंशांच्या थोडे वर होते आणि त्यात भाग तेलात बुडवावा लागत नाही, म्हणून आकार फारसा बिघडत नाही. पण त्यासाठी पोलाद आधीच हार्डनिंग व टेंपरिंग केलेले, नायट्रायडिंगला योग्य असेच घ्यावे लागते.

भोके लहान होण्यावर उपाय म्हणजे भोकात ०.२ ते ०.३ मिमी माल ठेवून तो हार्डनिंगनंतर ग्राइंड करणे. आटे आणि की-वे (चावी बसवायची खाच) मऊ ठेवायचे असतील तर तिथे तांब्याचा मुलामा किंवा कार्बन रोखणारा लेप लावायला सांगावा. माल देताना चलनावर नुसते "हार्डनिंग" लिहून देऊ नये. पोलादाची ग्रेड, थराची खोली ०.३ ते ०.४ मिमी, पृष्ठभागाचा कठीणपणा रॉकवेल सी ५८ ते ६२, कोणता भाग मऊ ठेवायचा आणि गिअर तारेवर टांगायची की आडवी रचायची, एवढे त्यावर असावे. त्याच बारचा एक तुकडा प्रत्येक खेपेबरोबर द्यावा आणि तो कापून थर मोजल्याशिवाय गिअर ताब्यात घेऊ नयेत.